धाकटीचा चेहरा

१

उत्सव तोंडावर आलेला, आणि सकाळी धाकटीवरचा पडदा सारला तर तिचा चेहरा हिरवा पडलेला.

धाकटी म्हणजे आमच्या नदीपारच्या आळीतल्या चर्चमधली नवी मारियामाता. थोरली तिच्या शेजारच्याच कोनाड्यात असते. थोरली साक्षात संत लूकने रंगवलेली आहे असं म्हणतात. रोममध्ये संत लूकने रंगवलेल्या इतक्या मारियामाता आहेत, की त्या बापड्याला जेवायला कधी सवड मिळाली असेल, देव जाणे. थोरलीच्या अंगावर नखशिखान्त चांदीचा पत्रा आहे. त्यातून तिचा धुरकटलेला चेहरा, दोन हात आणि पावलं तेवढी बाहेर डोकावतात, बाळाचंही तसंच. ती आमच्या पणज्यांच्या आधीपासून इथे आहे. धाकटी याच महिन्यात आली, फ्लॉरेन्सहून आलेल्या बिंदो नावाच्या चिताऱ्याने इथेच रंगवलेली. निळी वस्त्रं, मागे सोनं, आणि चेहरा असा, की आत्ता काहीतरी बोलेल. आली त्या दिवसापासून आळीतल्या बायका म्हणायच्या, "सवत आणून बसवली हो थोरलीच्या उरावर."

त्यामुळे हिरवा चेहरा बघून निम्म्या बायकांनी थोरलीकडेच पाहिलं.

आमचे पेठप्रमुख मेसेर स्टेफानेल्लो मात्र चमत्कारावर विश्वास ठेवण्याइतके भाविक नव्हते. त्यांनी धाकटीचा चेहरा लांबूनच न्याहाळला. तिचे हात, तिची पावलं, मांडीवरच्या बाळाचं तोंड, सगळं शेवाळलेल्या दगडासारखं झालं होतं. ते शांतपणे म्हणाले, "हा हिरवा रंग आळीत कुणाकडे असतो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणा बिंदो सोडला, तर आमच्या आळीत चितारी एकच, माझा नवरा पालुत्सो.

"आणि परवा गुत्त्यावर पालुत्सो काय बोलला, ते मी सांगायला हवं का?" स्टेफानेल्लो म्हणाले.

नको होतं. सगळ्यांनी ऐकलेलं होतं. दुसऱ्या सुरईनंतर तो उठून उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "त्या फ्लॉरेन्सवालीचं तोंड रंगवतो की नाही, बघा."

आमच्या घराची झडती झाली. हिरव्या मातीचं मडकं मिळालं. चिताऱ्याच्या घरात मिळायचंच ते. स्टेफानेल्लोंनी मडकं उचललं आणि मला म्हणाले, "पेर्नाबाई, उद्या मिरवणूक निघायच्या आत दुसरं कुणी सापडलं तर ठीक. नाही तर पालुत्सोला वेशीबाहेर काढावं लागेल. परत येणं नाही."

२

"जाऊ दे," पालुत्सो म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. "काढू देत बाहेर."

"तू केलंस का?"

"नाही."

"मग असा काय पडलायस?"

तो उठून बसला. "पेर्ना, तुला आठवतं ना, आपलं लग्न झालं तेव्हा या शहरात काय होतं? लांडगे होते. कबरी उकरायचे. छपरं कोसळलेली, पोप परमुलखात, श्रीमंत पळालेले. राहिलेले लोक जुन्या देवांचे संगमरवरी पुतळे भट्टीत टाकून चुना करत होते. तेव्हा मी भिंती रंगवल्या. मजुरीत अंडी आणि कांदे घेऊन रंगवल्या. तेव्हा आलं होतं का कुणी फ्लॉरेन्सहून?"

"नाही."

"आता पोप आला. रस्ते झाडले, पूल सांधले, रोज एक नवा विद्वान घोड्यावरून उतरतो. रोमबाईंना आता नवा झगा मिळाला, तर जुना नवरा ओळखू येईना."

तो कधी माझ्यावरून जळला नाही. शहरावरून जळला. हे मला कळत होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

"धाकटीचा चेहरा तू बघितलास का?"

"ती बसवल्यापासून मी चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही. तिला बघायचं नाही मला."

"इतकी चांगली आहे म्हणून?"

तो परत भिंतीकडे वळला. मी डोक्यावर ओढणी घेतली. चर्चच्या सेवा-मंडळातल्या बायकांना वेदीवरची फुलं बदलायची मुभा असते, आणि मी मंडळात आहे. नवरा आरोपी झाला म्हणून फुलं काही वाळायची थांबत नाहीत.

३

दारात स्टेफानेल्लोंचा माणूस होता. त्याने माझ्या हातातल्या फुलांकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

मी धाकटीच्या अगदी जवळ गेले. वीस वर्षं मी नवऱ्याचे रंग वाटते आहे. अंड्याच्या बलकात माती कालवून तिचा रंग करायचा, हे मी पोळी लाटल्यासारखं करते. हिरवा रंग लावला असता तर त्याला काठ असता, कुंचल्याची रेघ असती, कुठेतरी ओघळ असता. इथे यातलं काही नव्हतं. डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकपुडीच्या खळगीत थोडा गुलाबी रंग शिल्लक होता. गुलाबी वर नव्हता, खाली नव्हता, खड्ड्यांमध्ये राहिला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा रंगवताना आधी हिरव्या मातीचा हात देतात, मग त्यावर गुलाबी चढवतात. हिरव्यामुळे कातडी जिवंत दिसते. धाकटीच्या चेहऱ्यावर कुणी काही लावलेलंच नव्हतं. होतं ते काढलं होतं.

पुसलं होतं. ओल्या फडक्याने, वरून खाली, हलक्या हाताने. सुडाने केलं असतं तर खरवडलं असतं. आणि सूडच घ्यायचा तर निळी वस्त्रं का सोडली? तो निळा सरसात कालवतात, नुसत्या थुंकीने सुटतो. इथे तो जसाच्या तसा होता. ज्याने कुणी हे केलं, त्याने चेहरा, हात आणि पावलं निवडून पुसली होती आणि मग पडदा नीट चुण्या करून परत लावला होता.

मी खूश होऊन बाहेर पडायला निघाले आणि पायरीवर थबकले.

हे मला कळलं, तर बिंदोला सकाळीच कळलं असणार. त्यानेच खाली दिलेला हिरवा होता तो. सकाळी बिंदो स्टेफानेल्लोंच्या शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. माझ्या घरातलं मडकं उचललं, तेव्हाही होता.

आणि तो एक शब्द बोलला नव्हता.

४

पण आधी मेओ. मेओ भट्टीवाला ओल्या फडक्यांचा माणूस. दिवसभर पावाच्या कणकेवर टाकत असतो. आणि धाकटीचा चेहरा त्याच्या बायकोचा, आल्तोबेल्लाचा होता. बिंदोने तिला समोर बसवून काढला होता. आळीतल्या चाळिशीपुढच्या सगळ्या बायकांना तेव्हा एकदम कळलं होतं की आपण चाळिशीपुढच्या आहोत. माझ्यासकट.

मेओ भट्टीसमोर बसून घाम पुसत होता. मी सरळच विचारलं, "काल चर्चमध्ये गेला होतास?"

"रोज जातो, वहिनी."

"कशाला?"

त्याने फळीवरून लाकडी फावडं उचललं, परत ठेवलं. "तिच्याकडे बघायला. घरात ती माझ्याकडे कधी तशी बघत नाही, जशी तिथे बघते. घरात म्हणते, मेओ, पीठ चाळ. मेओ, पाय धू. आणि तिथे... तिथे उद्यापासून हजार माणसं तिच्या पाया पडणार. त्यातला एकेक मला ठाऊक आहे. तो खाटीक लीप्पो तर आत्तापासून गुडघे टेकायला शिकतोय."

"म्हणून पुसलंस?"

"पुसलं?" तो इतका गोंधळला की मला लगेच कळलं, हा नाही. "हिरवा फासलाय ना तिला?"

आतून आल्तोबेल्ला ओरडली, "फासला असता तरी याला कळलं नसतं, पेर्नाताई. मागच्या रविवारी मी ओढणी बदलली, याला बुधवारी कळलं."

"काल तू गेलास तेव्हा पडदा सरकवलेला होता का?"

"नाही, नीट होता. मीच थोडा उचलून बघितलं. गोरी होती. मग ब्रिजिदामावशी आली, मी पळालो. मावशीसमोर आपल्या बायकोकडे बघत राहायचं म्हणजे..."

"ब्रिजिदामावशी कशाला आली होती?"

"वहिनी, विसरलात? थोरलीला न्हाऊ घालायला."

मी खरंच विसरले होते. उत्सवाच्या आधी ब्रिजिदामावशी थोरलीला वाइन आणि सब्जाच्या पानांच्या पाण्याने न्हाऊ घालते. तिच्या आधी तिची आई घालायची.

आणि थोरलीला न्हाऊ घालायचं म्हणजे काय? चांदीला पाणी लावत नाहीत, ती काळी पडते. पत्र्यातून बाहेर आलेलं तेवढंच धुतात.

चेहरा, हात आणि पावलं.

५

ब्रिजिदामावशी अंगणात अंजिराखाली बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत आता ढग उतरलेत. माणसं ती चालीवरून ओळखते.

"ये पेर्ना. पाय आपटत चाललीस म्हणजे नवऱ्याशी भांडून आलीस."

"मावशी, काल थोरलीची आंघोळ झाली?"

"झाली की."

"आणि धाकटीची?"

ती माझ्याकडे सरकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. मला ती आवडत नव्हती. सगळे तिच्याकडेच धावतात. थोरलीपुढे मेणबत्ती मीच लावायची आणि मीच बघायची. काल मी ठरवून गेले होते, हिला पाण्याचा थेंब नाही लावायचा. थोरलीचं सगळं झालं, फडकं पिळलं, निघाले. आणि दारात मनात आलं, अगं, ही परक्या गावातून आलेली पोर. मांडीवर मूल. शेजारणीची आंघोळ होताना ऐकत बसली असेल. तिला काय वाटलं असेल? जळली असेल ना गं. मीही तिच्यावर जळत होते, म्हणून मला कळलं."

"मग?"

"मग परत गेले. तिलाही घातली. थोरलीला घालते तशीच, पाठ आहे मला. चेहरा, हात, पाय, बाळाचंही." तिने माझा हात धरला. "पण पेर्ना, मळ केवढा निघाला म्हणून सांगू. पाणी नुसतं गढूळ. इतकी नवी आणि इतकी मळकट. फ्लॉरेन्सला आंघोळ घालत नाहीत वाटतं."

मी हसावं की रडावं, मला कळेना. तिच्या दोरीवर फडकं वाळत होतं, फिकट गुलाबी.

"सकाळी तुला नाही कळलं काही? लोक काय म्हणत होते?"

"कुणीतरी हिरवं फासलं म्हणे. मेल्यांनो, मी एवढी स्वच्छ केलेली." तिने माझा हात ओढला. "पालुत्सोने नाही ना केलं?"

"नाही, मावशी."

"मला वाटलंच. तो बोलतो फार."

आता माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मला कुणाला सांगता येईना. स्टेफानेल्लोंना सांगितलं तर पालुत्सो सुटतो. पण मग कुणीतरी या बाईला सांगणार की तो मळ नव्हता. तिच्या हातून फडकं काढून घेणार. थोरलीला न्हाऊ घालण्याशिवाय तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

पण एक माणूस होता, ज्याला आधीच निम्मं माहीत होतं.

६

बिंदो चर्चच्या मागच्या खोलीत अंडी फोडत होता. उंच, देखणा, आणि हे त्याला माहीत असलेला माणूस.

"उस्ताद," मी म्हणाले, "चेहरा रंगवला नाही, पुसलाय. हे तुम्हाला सकाळीच दिसलं."

त्याने बलक तळहातावरून तळहातावर घेतला.

"माझ्या नवऱ्याला वेशीबाहेर काढणार आहेत. तुम्ही गप्प का?"

"बाई, तुमचा नवरा मला गुत्त्यावर शिव्या देतो."

"तो पोपलाही देतो. त्यासाठी कुणी गाव सोडत नाही. खरं कारण सांगा."

त्याने बलक वाटीत सोडला. "बलकाचा रंग मुरायला वेळ लागतो. महिने लागतात. मग ओलं फडकं लागलं तरी काही होत नाही. इथल्या पुजाऱ्यांना उत्सवाच्या आत हवं होतं, नदीच्या पलीकडचं मोठं काम माझी वाट बघत होतं. मी शेवटचे हात घाईने दिले. जाड दिले. ते पाण्याने सुटले, हे जर कुणाला कळलं..." तो थांबला. "पण पुसलं कुणी?"

"तुम्ही वचन द्या, नाव कुणाला सांगणार नाही."

"दिलं."

मी सांगितलं. तो आधी हसला. मग त्याचा चेहरा पडला.

"म्हातारीने? न्हाऊ घालताना? मळ म्हणाली?"

"केवढा मळ, म्हणाली."

"हे फ्लॉरेन्सला कळलं तर माझ्या दुकानाबाहेर पोरं बादल्या घेऊन उभी राहतील."

"नाही कळणार. तुम्ही आत्ता स्टेफानेल्लोंकडे जाल आणि म्हणाल, नदीची ओल लागली, रंग सुटला, कुणाचाच दोष नाही. ओल म्हणजे पाणीच. खोटं नाही ते फारसं."

"आणि चेहरा? उद्या संध्याकाळी मिरवणूक आहे. मारियामाता, बाळ, चार हात, चार पावलं. मी एकटा कसा करू? इथे बलकात काम करणारा दुसरा चितारी आहे का कुणी?"

मी आमच्या घराच्या दिशेला पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"बाळ त्याचं," मी म्हणाले. "बाळाचं सगळं. तुम्ही कुंचला लावायचा नाही."

"तो जुन्या वळणाचा आहे. त्याची बाळं लहान म्हाताऱ्यांसारखी दिसतात. मी बघितली आहेत."

"कुठे बघितली?"

बिंदो किंचित लाल झाला. "इथे आल्यावर फिरलो मी. सगळ्या भिंती बघितल्या त्याच्या. दोनदा."

७

"बिंदोकडे किती वेळ होतीस?" पालुत्सोने विचारलं. तो सुटला, ही बातमी त्याला एव्हाना पोचली होती. त्याबद्दल तो बोलला नाही.

"बलक फेटायला लागतो तेवढा."

"तो केस फार नीट विंचरतो."

"तूही विंचर. आणि कुंचले घे. बाळ तुझं आहे."

त्याला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. ब्रिजिदामावशीचं सांगितलं, तेव्हा तो खाटेवर बसला. "म्हणजे मी नव्हतो, हे कुणाला कळणारच नाही?" त्याने विचारलं.

"नाही. ओल म्हणतील, आणि आतून तुझंच नाव घेतील."

त्याने यावर विचार केला. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते समाधान नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

चर्चमध्ये तो शिरला आणि धाकटीसमोर उभा राहिला. तिचा चेहरा हिरवा, तरी तो पुष्कळ वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "वस्त्राच्या चुण्या कशा पाडल्या रे?"

"गुडघा कुठे आहे ते आधी ठरवतो," बिंदो म्हणाला. "मग वस्त्र आपोआप पडतं."

"वस्त्राखाली गुडघा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मग दोघं एकमेकांकडे जमेल तेवढी पाठ करून कामाला लागले. मी मधे बसून अंडी फोडत होते. दोघंही दर थोड्या वेळाने, आपण बघत नाही अशा थाटात, दुसऱ्याच्या हाताकडे बघत होते. आल्तोबेल्लाला पुन्हा समोर बसवायला मेओने साफ नकार दिला होता. बिंदोने आजूबाजूला पाहिलं. मी ओढणी जरा सारखी केली. त्याने आठवणीतून काढायला घेतलं. चेहरा सुंदर झाला आणि कुणाचाच झाला नाही. आल्तोबेल्ला अजून बिंदोशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ब्रिजिदामावशीकडे जाऊन आले. म्हटलं, "मावशी, धाकटीला पाणी सोसत नाही. ती तिकडची आहे. वर्षभर तिला नुसतं दुरून ओवाळायचं, असं उस्ताद म्हणाले."

"सर्दी झाली का गं तिला माझ्यामुळे?"

"थोडीशी. आता बरी आहे."

"सुकवायला हवं होतं मी नीट," ती म्हणाली, आणि तिला ते फार लागलं.

संध्याकाळी थोरली मिरवणुकीने नदीपर्यंत जाऊन आली. परत आल्यावर तिला दारात आणलेल्या धाकटीसमोर तीनदा वाकवलं, आणि धाकटीला तिच्यासमोर. यंदा पहिल्यांदाच. दोन जावा भेटाव्यात तशा भेटल्या. ब्रिजिदामावशी माझ्या दंडाला धरून उभी होती. तिला दिसत नव्हतं, म्हणून मी सांगत होते.

बायका पुढे सरकल्या. धाकटीकडे बघून खाटकाची आई म्हणाली, "आईचा चेहरा छान आहे. पण बाळ आईवर गेलेलं नाही."

खरंच नव्हतं. पालुत्सोचं बाळ ठेंगणं होतं. त्याला आळीचं नाक होतं, आळीचे कान होते, आणि कुणीतरी आपला पाव पळवणार आहे अशी ती नजर.

"बापावर गेलं असेल," दुसरी म्हणाली.

"बाप कोण, माहितीय ना? देव."

खाटकाच्या आईने डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. "मग देव नदीपारचा आहे," ती म्हणाली. "चला, बरं झालं." आणि तिने गुडघे टेकले.

पालुत्सो माझ्या मागे होता. मी वळून पाहिलं नाही, त्याला ते आवडलं नसतं. बिंदोही तिथेच होता, विंचरलेला. त्याने तो सगळा संवाद ऐकला होता. लोक त्याच्या सुंदर चेहऱ्यावरून नजर घसरवून बाळाशी थांबत होते. थोडा वेळ त्याने सहन केलं, मग गर्दीतून वाट काढत पालुत्सोपाशी आला.

"ती नजर," तो म्हणाला. "ती कशी आणलीस? मला दाखव."

पालुत्सोने खांदे उडवले. "घाई काय आहे? पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या वर्षी ये." त्याने टोपी काढून थोरलीला नमस्कार केला, आणि किंचित थांबून धाकटीलाही. "मी कुठे जात नाही."